एकवीस बिऱ्हाडांचं गाणं

मांजरसुंब्याच्या चौकात मी पाहुणीला उतरवून घ्यायला गेलो होतो. पुण्याच्या गाडीतून ती उतरली तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. पन्नाशीची, बारीक अंगाची बाई. रंग आमच्याकडच्या बायांसारखाच गव्हाळ, त्यामुळे चौकात कुणी वळून पाहिलं नाही. वळून पाहिलं ते तिच्या सामानाकडे. खांद्याला एक अगदी लहान गिटार आणि हातात एक लाकडी पेटी, जिच्या मागच्या बाजूला वाटीएवढं गोल भोक होतं.

चहा प्यायला बसलो. ती खुर्ची सोडून त्या पेटीवरच बसली. चहावाल्याने मला विचारलं, "सर, बाईचं गाव कुठलं म्हणायचं?"

मी इंग्रजीत तिला तो प्रश्न सांगितला. तिने कप खाली ठेवला आणि नीट उत्तर दिलं. तिच्या आईची आई पेरू देशातल्या डोंगरातली, तिची भाषा वेगळी. आईचे वडील त्याच देशाच्या किनाऱ्यावरचे, त्यांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेलं. वडील शेजारच्या कोलंबियाचे, समुद्राकाठचे. ती स्वतः वाढली अमेरिकेतल्या एका मोठ्या शहरात, जिथे त्यांच्या इमारतीत खालच्या मजल्यावर तिसऱ्याच एका बेटावरून आलेलं कुटुंब राहायचं आणि त्यांच्याकडे दर रविवारी ढोल वाजायचे. एवढं सगळं ती दोन-तीन मिनिटं बोलत होती.

मी चहावाल्याला सांगितलं, "अमेरिका."

"अस्सं," तो म्हणाला आणि फडका मारू लागला.

तिने माझ्याकडे पाहिलं. "मी इतकं बोलले आणि तुझा एकच शब्द?"

"त्यांना तेवढं पुरतं," मी म्हणालो.

ती हसली आणि तिने तो विषय सोडून दिला. माझ्या मात्र ते लक्षात राहिलं, कारण पाहुणी यायच्या आधीच मी जी एक मोठी चूक करून बसलो होतो तीही ह्याच जातीची होती.

आधी मी कोण ते सांगतो. मी पाटोद्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो. माझं गाव नांदूरघाटच्या जवळ. आई-वडील दोघंही ऊस तोडायला जायचे. दिवाळी झाली की घराला कुलूप आणि गुढीपाडव्याच्या आसपास परत. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. शाळेच्या हंगामी वसतिगृहात राहिलो, तिथल्या एका बाईंनी मला स्वतःच्या मुलाबरोबर अभ्यासाला बसवलं, पुढे पुण्यात एका सरांनी इंग्रजीचं भय घालवलं. ह्या दोघांचं देणं मी रोज वर्गात फेडायचा प्रयत्न करतो. त्या पुण्याच्या सरांना मी एकदा आईच्या गाण्याचं फोनवर केलेलं रेकॉर्डिंग पाठवलं होतं. त्यांच्याकडे ही कलावंत बाई शिकवायला आली होती. तिने ते ऐकलं आणि म्हणाली, मला ह्या बाईंना भेटायचंय.

तिचं संगीत मी सरांकडून मागवून ऐकलं होतं. एकाच गाण्यात डोंगरातली बासरी, किनाऱ्यावरचा नाचाचा ठेका आणि मधूनच मशीनचे ठोके. सर म्हणाले होते की तिच्या रेकॉर्ड कुठल्या कप्प्यात ठेवायच्या हे दुकानदारांना कळत नाही. मला ते ऐकायला छान वाटलं, पण खरं सांगायचं तर मनात आलं, हिच्याकडे स्वतःचं शुद्ध असं काही नसावं म्हणून ती आपल्याकडे आली. आपल्याकडे आहे ते आपण नीट द्यायला हवं.

आता आईचं गाणं. ते कुठल्या पुस्तकात मिळणार नाही. आमच्या टोळीतल्या बायांची एक रीत होती. हंगामाच्या शेवटच्या दिवशी, शेवटची गाडी भरायच्या आधी, बाया उसाच्या मोळ्यांवर बसायच्या आणि त्या वर्षाचं एक कडवं गाण्याला जोडायच्या. कुठे मुक्काम पडला, तिथे कोण भेटलं, काय शिकलो. एका वर्षाचं एक कडवं. त्याला त्या बिऱ्हाड म्हणायच्या. चाल ज्या मुलखात असतील तिथली घ्यायच्या. गाणं म्हणायचं तर पहिल्या बिऱ्हाडापासून म्हणायचं आणि शेवटच्यापर्यंत न्यायचं, मधलं एकही गाळायचं नाही. आईने एकवीस हंगाम केले, तेव्हा एकवीस बिऱ्हाडं. सगळं म्हणायला अर्धा तास लागतो.

पाहुणी येणार म्हणून मी आमच्या कॉलेजात आई आणि तिचा एकत्र कार्यक्रम ठरवला. प्राचार्यांनी त्याला मान्यता देताना गाण्यासाठी दहा मिनिटं दिली होती. संस्थेचे अध्यक्ष येणार, त्यांचं भाषण, सत्कार, मग दहा मिनिटं गाणं. मी आनंदाने हो म्हणालो आणि घरी बसून एकवीसमधली चार कडवी निवडली. निवडताना मी इंग्रजीच्या मास्तरासारखाच वागलो. ज्यात कानडी शब्द होते ते काढलं. ज्याची चाल ट्रॅक्टरवरच्या टेपमधल्या सिनेमाच्या गाण्याची होती ते काढलं. एका वर्षी टोळीच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, उरुसाच्या मैदानाजवळ पडल्या होत्या, त्या वर्षीचं कडवं कव्वालीच्या चालीवर आहे, तेही काढलं. उरलं ते मला शुद्ध वाटलं. पाहुणीला मी पत्रात तसंच कळवलं होतं, शुद्ध पारंपरिक गीत म्हणून.

कागद आईला वाचून दाखवला. आईने तो ऐकला, आणि "बरं," म्हणाली. आईचं बरं मला कळायला हवं होतं.

पाहुणीला घेऊन गावी पोचलो. आई ओट्यावर होती, शेजारी माझी चुलती. दोघींनी एकवीसपैकी बहुतेक हंगाम एकत्र काढलेले. चुलती बोलायला धारदार आहे. टोळीत तिच्या तोंडी लागायला नको म्हणून मुकादमसुद्धा वाट वाकडी करून जायचा.

आईने पाहुणीच्या हातावर गुळाचा खडा आणि पाणी दिलं. मग मला म्हणाली, "ईचार, माहेर कुठलं?"

तिथेही पाहुणीने तीच सगळी हकिगत सांगितली, आणि ह्या वेळी माझ्याकडे बघत सांगितली. मला पूर्ण सांगावंच लागलं. डोंगर, किनारा, गुलाम, कोलंबिया, खालच्या मजल्यावरचे ढोल.

आई ऐकत राहिली. "म्हंजी तीन माहेरं हायती," ती म्हणाली. "आन राहायला चौथीकडं."

"आमच्यावानीच की," चुलती म्हणाली. "सहा महिने हितं, सहा महिने लोकाच्या बांधावर."

मग आईचं लक्ष पेटीकडे गेलं. तिने बोटांनी ठोकून पाहिली. "ही तर टमाट्याची पेटी हाय गं. हिला भोक कावून पाडलंय?"

पाहुणीने सांगितलं आणि मी भाषांतर केलं. तिच्या किनाऱ्यावरच्या पूर्वजांना मालक लोकांनी ढोल वाजवायची बंदी केली होती. तेव्हा त्यांनी बंदरावरचे मालाचे खोके उलटे करून त्यावर ताल धरला. आता तो खोकाच वाद्य झालाय. ती पेटीवर बसली, पायांच्या मधून वाकली आणि दोन्ही हातांनी वाजवू लागली. खाली घुमारा, वर कडक आवाज.

चुलती उठून आत गेली आणि आमची पत्र्याची ट्रंक ओढत बाहेर घेऊन आली. हीच ट्रंक बैलगाडीवर लादून दर वर्षी जायची. पीठ-मीठ, कपडे, सगळं तिच्यात. कोपीसमोर ती रिकामी करून त्यावरच ताल धरायचा, कारण ढोलकी कुणाकडे होती? चुलतीने मांडी घातली, बांगड्या कोपराकडे सरकवल्या आणि ट्रंकेवर हात टाकला. पाहुणीने मान डोलावली आणि आपला ठेका तिच्या ठेक्यात घातला. मला वाटलं, झालं, कार्यक्रम जमला.

आई गायला लागली.

*पहिलं बिऱ्हाड माजं नीरेच्या काठाला*
*कुलपाची किल्ली आई दिली तुज्या वट्याला*

पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. माझ्या कागदाप्रमाणे त्यानंतर एकदम नववं होतं. आईने तोंड उघडलं आणि ती थांबली. पुन्हा दुसऱ्यापासून घेतलं, पुन्हा तिथेच थांबली. तिसऱ्या खेपेला तिने पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "न्हाई जमत."

पाहुणीने विचारलं काय झालं.

"ती पुढचं विसरली," मी म्हणालो.

"ती विसरलेली नाही," पाहुणी म्हणाली. "विसरलेला माणूस असा थांबत नाही. तिला नीट विचार."

विचारायची गरज पडली नाही. चुलतीने ट्रंकेवरचा हात काढला. "विसरली म्हणतूस? आरं, तुजी माय तापात बडबडली तरी एकवीस म्हणून ऱ्हाईल. दुसऱ्या सालातून नवव्या सालात उडी कशी मारायची? मधली सहा सालं आमी काय घरी बसलो हुतो?"

"काकू, वेळ दहाच मिनिटं आहे," मी म्हणालो.

"आन कानडीचं कावून काढलंस?"

"ते मराठी नाही म्हणून."

चुलती आईकडे बघून हसली. "बघ गं, शिकून आला आन सोताचंच कडवं काढून टाकलं यानं."

मला कळलं नाही. आईने मग सांगितलं, अगदी सहज, डाळ निवडताना सांगावं तसं. तिच्या सहाव्या हंगामात टोळी कर्नाटकात होती. दिवस भरत आले होते, तरी ती मोळ्या उचलत होती. बांधावर बसली आणि उठता येईना. समोरच्या वस्तीवरची एक म्हातारी आली, आईला हाताला धरून आपल्या ओसरीवर घेऊन गेली. भाषा एकमेकींची कळत नव्हती. ती एवढंच म्हणत होती, बा तंगी, नीरु कुडी. ये बहिणी, पाणी पी. त्या ओसरीवर माझा जन्म झाला.

मी त्या ओसरीवर जन्मलो हे मला ठाऊक नव्हतं. आजवर घरात कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. शाळेच्या दाखल्यावर जन्मगाव म्हणून आमचंच गाव लिहिलंय. लहानपणापासून मी हे कडवं शंभरदा ऐकलं होतं. ती कानडी ओळ मला नुसती ठेक्यासाठी घातलेली वाटायची.

"सांगितलं न्हाईस कधी," मी म्हणालो. आईशी बोलताना माझी भाषा आपोआप गावची होते.

"गाण्यात हाय की," आई म्हणाली. "आनखी कसं सांगायचं?"

मग पुढचं अवघड काम होतं. हे सगळं पाहुणीला इंग्रजीत सांगायचं. मी काय काढलं, का काढलं आणि त्यात काय गेलं. मी एकही वाक्य गाळलं नाही. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "मला पण लोक म्हणायचे, एक काहीतरी ठरव. डोंगरातली हो नाहीतर किनाऱ्यावरची. मी एकदा ऐकलं त्यांचं. ती रेकॉर्ड आज मी स्वतः लावत नाही."

मग तिने विचारलं, "उद्या ती काय गाणार आहे?"

मी आईला तेच विचारलं. आईने आपलं उत्तर आधीच ठरवलेलं होतं. "एकवीस म्हणायची असतील तर येते. न्हाईतर तुमी दोघं करा पोग्राम, मी मागं बसून ऐकते. त्या बाया आता काही मेल्या, काही कुठं कुठं पांगल्या. त्यांचं साल मी कसं गाळू?"

आई माझ्या कॉलेजात आजवर एकदाही आली नव्हती. नोकरी लागली तेव्हा मी न्यायचं म्हणालो तर "माझं तिथं काय काम," म्हणाली होती. उद्या तिचं काम होतं. आणि ती येणार की नाही, हे माझ्या एका फोनवर होतं.

मी लगेच प्राचार्यांना फोन लावला. ते भले गृहस्थ आहेत, पण वेळेच्या बाबतीत घंटेसारखे.

"सर, गाण्याला अर्धा तास लागेल."

"अर्धा तास? दहा ठरलंय ना सर आपलं."

"हो सर. माझी चूक झाली. ते गाणं दहा मिनिटांचं नाहीच. पूर्ण होईल नाहीतर होणार नाही."

"मग काय, अध्यक्षांचं भाषण कापू का?"

मी आजवर वरच्या माणसाला नाही म्हटलेलं मला आठवत नाही. वसतिगृहात वाढलेल्या मुलाला मिळेल ते घ्यायची सवय असते. त्या दिवशी मात्र मला अजिबात भीती वाटली नाही. "हो सर," मी म्हणालो. "नाहीतर सत्कार कापा. हारांचं आणि शालींचं मी बघतो, नंतर ऑफिसात देऊ."

मग ते म्हणाले, "भाषण कापायचं तुम्हीच सांगायचं त्यांना. मी सुट्टीवर आहे असं समजा."

दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्ष गाडीतून उतरल्या उतरल्या मी त्यांना सांगितलं. मोठे शेतकरी, अनेक वर्षं राजकारणात मुरलेले. त्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं. "आमचं भाषण लई बोर हुतं का काय?"

"नाही साहेब. गाणं मोठं आहे."

"गाणारी कोण?"

"माझी आई."

ते खुर्चीकडे वळले. "मग बोलतोच कशाला मी. म्हणू द्या."

सभागृह भरलं होतं. स्टेजवर एका बाजूला पाहुणीची पेटी, दुसऱ्या बाजूला आमची ट्रंक, मध्ये आई. प्राचार्यांनी खुर्ची दिली होती, ती तिने बाजूला सरकवली आणि सतरंजीवर बसली. माइक खाली करावा लागला. मी प्रास्ताविकात दोनच गोष्टी सांगितल्या. हे गाणं कसं वाढत गेलं, आणि काल मी त्याचं काय करणार होतो.

नीरेच्या काठापासून आई निघाली. पहिली दोन-तीन कडवी मुलं शांत होती. मग चौथ्या बिऱ्हाडात कऱ्हाडकडच्या एका मुक्कामाचा उल्लेख आला आणि मागच्या रांगेतून एक मुलगा म्हणाला, "आमी गेलतो तिथं." हशा झाला. पुढच्या मुक्कामाला दोन मुली म्हणाल्या, "आमी पण." मग तो पायंडाच पडला. आई जागेचं नाव घ्यायची आणि सभागृहातून कुणीतरी ओ द्यायचं. वर्गात हीच मुलं वडिलांचा व्यवसाय विचारला की शेती म्हणायची. मीही माझ्या वेळी शेतीच लिहिलं होतं.

सहावं आलं.

*बा तंगी, नीरु कुडी, हाक आली वाटंला*
*परमुलखात माय भेटली गं पोटुशीला*

आईने माझ्याकडे पाहिलं नाही. तिला पाहायची गरज नव्हती. पाहुणीने मात्र तिथे ठेका एकदम हलका केला, फक्त बोटांच्या टोकांनी, आणि चुलतीने ट्रंक पूर्ण थांबवली.

पुढे टेपवाल्या सिनेमाच्या चालीचं कडवं आलं तेव्हा मुलांनी टाळ्यांचा ठेका धरला. कव्वालीच्या चालीला पाहुणीने पेटी सोडून ते लहानसं गिटार घेतलं. त्याच्या दहा तारा अशा झणझणत होत्या की आमच्याकडच्या कुणालाही ते परकं वाद्य वाटलं नसतं. तिच्या गाण्यात मी जिला सरमिसळ समजत होतो ती आईच्या गाण्यात इतकी वर्षं माझ्यासमोर बसली होती. फरक इतकाच की आईच्या रेकॉर्ड कुठल्या दुकानात नव्हत्या, म्हणून कप्प्याचा प्रश्न कुणाला पडला नव्हता.

एकविसावं संपलं. मी उठणार, तेवढ्यात आईने हात वर करून मला बसवलं. तिने पाहुणीकडे बोट दाखवलं, मग ट्रंकेवर दोनदा टिचकी मारली. मुक्काम झाला म्हणजे कडवं जोडायचं, ती रीत इथेही लागू होती.

*बाविसावं बिऱ्हाड माजं लेकाच्या कॉलेजाला*
*तीन माहेरांची पाव्हणी बसली पेटीच्या तालाला*

पाहुणीला अर्थ मी तिथेच तिच्या कानात सांगितला, पूर्ण. तिने त्याच चालीवर आपल्या डोंगरातल्या आजीच्या भाषेत एक ओळ जोडली. सभागृहात ती भाषा कुणालाच येत नव्हती. नंतर तिने अर्थ सांगितला. पेटी वाहून आणलीय, बसायला जागा द्या. चुलती ऐकून म्हणाली, "दिली की. आता सोताची पेटी इसरू नकू म्हणावं."

अध्यक्षांनी भाषण केलं नाही. जाताना आईपुढे हात जोडले आणि म्हणाले, "ताई, आमच्या बांधावरबी टोळ्या यायच्या. आमचं नाव असतंय का ओ कुठल्या गाण्यात?" आई म्हणाली, "पाणी पाजलं आसंल तर आसंल."

त्यानंतर आईने स्वतःहून सांगितलं, "तुजा वर्ग दाव." मी दाखवला. ती पहिल्या बाकावर बसली, फळ्याकडे पाहत राहिली, बाकावरून हात फिरवला, आणि म्हणाली, "उजेड चांगला हाय."

तिसऱ्या दिवशी पाहुणीला पुण्याच्या गाडीत बसवायला पुन्हा मांजरसुंब्याला आलो. गाडीला वेळ होता. तोच चहावाला. ती तशीच पेटीवर बसली. ह्या वेळी मीच त्याला हाक मारली.

"मामा, परवा तुम्ही बाईंचं गाव विचारलं होतं ना?"

"आमेरिका म्हणला की तुमी."

"तेवढंच नाही," मी म्हणालो, आणि सांगायला लागलो. डोंगरातली आजी, किनाऱ्यावरचे आजोबा, बंदरावरचे खोके, कोलंबियाचे वडील, खालच्या मजल्यावरचे ढोल. पाहुणीला शब्द कळत नव्हते, पण देशांची नावं आली की ती मान हलवत होती आणि माझं काही सुटत नाही ना ते बोटांवर मोजत होती. चहावाल्याने फडका खांद्यावर टाकला आणि सगळं ऐकून घेतलं. दोन गिऱ्हाइकं तशीच उभी राहिली.

"लई गावं झाली की बाईला," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "आन सर, तुमी कुठले? पाटोद्याचे ना?"

गाडी यायला अजून दहा मिनिटं होती. मी कप खाली ठेवला. "राहायला पाटोद्याला," मी म्हणालो. "घर नांदूरघाटाजवळ. जन्म कर्नाटकातला, एका म्हातारीच्या ओसरीवरचा. बसा, सांगतो."